पांढरीची परीक्षा : बांधकामापूर्वींच्या चाचणी-चरांविषयीं

महाराष्ट्रांतील जुन्या कागदपत्रांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी नवी नाहीं. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, आणि लक्षणेनें त्या जागेवर नांदणारें सारें गांव. जुन्या व्यवहारांत हीच पांढरी साक्षीस उभी राहते आणि हक्कहि सांगते. हा शब्द कोणी अलंकार म्हणून योजलेला नाहीं. तो मातीच्या रंगावरून आलेला आहे. जेथें माणसें पिढ्यान्पिढ्या राहिलीं तेथें चुलींची राख, गुरांचें शेण, पडक्या भिंतींची माती, चुनखडी, हाडें आणि उकिरडा यांचे थर एकावर एक बसत जातात, व दख्खनच्या काळ्या रानांत एक भुरकट-पांढरें टेकाड तयार होतें. गांव उठून गेलें तरी टेकाड राहतें. प्रवरा, गोदावरी, भीमा, घोड, गिरणा, तापी यांच्या कांठानें हिंडणारास अशीं टेकाडें जागोजाग आढळतात.

या टेकाडांचा नाश दोन प्रकारांनीं चालू आहे. पहिला प्रकार जुना आहे. पांढरीची माती खताला उत्तम, हें शेतकऱ्यास फार पूर्वींपासून ठाऊक असल्यामुळें ती गाड्या भरभरून काळ्या रानांत पसरली गेली. दुसरा प्रकार अलीकडचा: रस्ते, कालवे, औद्योगिक वसाहती, गृहवसाहती. गाडीबैल पन्नास वर्षांत जेवढें टेकाड खातील तेवढें जेसीबी दोन दिवसांत खातो. प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच मांडावयाचें आहे कीं, ग्रामीण जमिनीवर असें कोणतेंहि काम उभें राहण्यापूर्वीं तेथें चाचणी-चर खणून त्या जमिनीची साक्ष घेतली पाहिजे. आणि ती साक्ष कोठें घ्यावी हें सांगण्याचें काम पुष्कळ अंशीं जुनीं दप्तरें चाळणारांचें आहे. कुदळवाले वेगळे व कागदवाले वेगळे, अशी जी समजूत आमच्या मंडळींत दिसते ती आम्हांस मान्य नाहीं.

बांधण्यापूर्वीं खणून पाहणें ही कल्पना परकी आहे असें कोणी समजूं नये. वराहमिहिराची बृहत्संहिता इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील. तींत वास्तुविद्येचा जो अध्याय आहे त्यांत भूमिपरीक्षेचा विधि सांगितला आहे. घराच्या जागेच्या मध्यभागीं हातभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेंच तो परत भरावा. माती कमी पडली तर जागा अनिष्ट, पुरेपूर झाली तर मध्यम, उरली तर उत्तम. दुसरी परीक्षा पाण्याची आहे: खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें, पाणी घटलें नसेल तर भूमि चांगली. शुभाशुभाची भाषा बाजूस ठेविली तर या दोन्ही परीक्षांचा रोख स्पष्ट आहे. जमीन घट्ट आहे कीं पोकळ, मूळची आहे कीं भरावाची, हें पाया घालण्यापूर्वीं कळलें पाहिजे.

याच अध्यायांत पुढें शल्याचा विचार येतो. जमिनींत राहून गेलेली परकी वस्तु म्हणजे वास्तुपुरुषाच्या अंगांत रुतलेलें शल्य. घरधन्यानें प्रश्नसमयीं आपलें जें अंग खाजविलें असेल, वास्तुपुरुषाच्या त्या अंगीं शल्य आहे असें समजावें, असें तेथें सांगितलें आहे. त्यावर आज कोणी विसंबावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण शल्यांची यादी मात्र वाचण्यासारखी आहे: लांकूड, हाड, लोखंड, कपाल, केस, कोळसा, राख, तूस. प्रत्येकाचें फळहि दिलें आहे. लांकडानें धनहानि, हाडानें गुरांस पीडा व रोगभय, लोखंडानें शस्त्रभय, कोळशानें चोरभय, राखेनें अग्निभय. सोनें आणि रुपें तेवढें या दोषांतून वगळलें आहे. शास्त्रकारांसहि संसार होता. आतां हीच यादी एखाद्या उत्खननाच्या अहवालाशेजारीं ठेवून पाहावी. कोळशावरून कर्ब-१४ पद्धतीनें काळ ठरतो. हाडांवरून कोणतीं जनावरें पाळलीं व कोणतीं खाल्लीं तें समजतें. तुसावरून धान्याची जात ओळखतां येते. राखेवरून चूल कोठें होती तें कळतें. स्थपतीनें जें उपसून टाकावयाचें, तेंच पुरातत्त्वज्ञ कापसांत गुंडाळून ठेवतो. 'कपाल' हा शब्द तर कवटीसहि लागतो आणि खापरासहि. हे दोन्ही अर्थ एकाच खड्ड्यांत कसे नांदतात तें पुढें येईलच.

चाचणी-चर म्हणजे सबंध शेत न खणतां ठराविक अंतरांवर लांबट, अरुंद चर घेऊन खालची स्थिति अजमावणें. इंग्लंडांत साधारणतः सहा फूट रुंद व शंभर फूट लांब असे चर एकूण क्षेत्राच्या शेंकडा दोन ते पांच भागांत घेण्याचा प्रघात आहे. दहा एकरांचें शेत धरलें तर शेंकडा दोन म्हणजे आठ गुंठे. एवढ्यांत असले चौदा-पंधरा चर बसतात. वरची नांगरटीची माती दात नसलेल्या बकेटानें हलक्या हातानें खरडून काढतात, खालचा अस्पर्श थर लागतांच यंत्र थांबवितात, आणि तेथून पुढें सर्व काम हातानें होतें. सारी मदार एका साध्या तत्त्वावर आहे: एकदां खणलेली जमीन पुनः पहिल्यासारखी होत नाहीं. खांब कुजून जातो, पण त्याच्या खड्ड्यांत नंतर पडलेली माती भोंवतालच्या मातीहून रंगानें, पोतानें आणि ओलाव्यानें निराळी राहते. थडगें, धान्याचें पेंव, पाण्याची चारी, सर्वांची हीच गोष्ट. हातभर खड्डा भरून पाहणारा वराहमिहिराचा स्थपति आणि चरांत ओणवा बसलेला पुरातत्त्वज्ञ हे दोघेहि एकाच गोष्टीवर भिस्त ठेवतात.

अशा निराळ्या मातीच्या डागांतून किती मोठा इतिहास उलगडतो याचें उत्तम उदाहरण इनामगांवचें आहे. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं हीं टेकाडें आहेत. तेथें डेक्कन कॉलेजच्या वतीनें ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व अन्सारी यांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम खोदकाम केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंतच्या वस्तीचे तीन कालखंड तेथें ओळखले गेले: प्रथम माळवा, मग पूर्व जोर्वें, शेवटीं उत्तर जोर्वें. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष आणि अडीचशेंहून अधिक दफनें उजेडांत आलीं. लहान मुलास पुरावयाचें तर दोन मातीचीं भांडीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेवीत व आंत तें मूल घालून घराच्याच जमिनीखालीं पुरीत. प्रौढांचीं दफनें करतांना पावलें घोट्यापासून तोडलेलीं आढळतात. एक माणूस तर चार पायांच्या रांजणांत बसविलेला निघाला. कवटी आणि खापर एकाच खड्ड्यांत असें जें वर म्हटलें तें हेंच.

घोडीच्या पुराचें पाणी वळविण्यासाठीं खणलेला कालवा आणि त्याचा बांधहि तेथें सांपडला. आज आपण ज्याला पाटबंधारा म्हणतों त्याचा तीन हजार वर्षांपूर्वींचा हा वडील. पुढें उत्तर जोर्वें काळांत ऐसपैस चौकोनी घरें नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या. पाऊसमान घटल्यामुळें शेती मागें पडून लोक अधिकाधिक जनावरांवर जगूं लागले असावे, असा उत्खननकारांचा निष्कर्ष आहे. त्या निष्कर्षावर मतभेद होऊं शकतो, झालेलाहि आहे. पण त्याचा आधार काय हें लक्षांत घेण्यासारखें आहे. गोल झोंपडीचा पुरावा म्हणजे वर्तुळांत ओळीनें असलेले, मेढींचे बारीक खड्डे आणि मध्यें चोपलेली जमीन. तेथें दगडी भिंत नाहीं, मूर्ति नाहीं, लेख नाहीं. यंत्राचें पातें त्यावरून एकदां फिरलें असतें तर 'येथें पांढरी माती होती' यापलीकडे कोणास कांहीं सांगतां आलें नसतें.

लहान खोदकामाचें मोल किती, यासाठीं ज्या गांवानें या संस्कृतीला नांव दिलें तें जोर्वेंच पाहावें. संगमनेराजवळ प्रवरेच्या कांठीं असलेल्या या गांवीं १९५०–५१ सालीं सांकळिया आणि शां. भा. देव यांनीं नाशिकच्या उत्खननाबरोबरच लहान प्रमाणावर खोदकाम केलें. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी, तोटीचीं भांडीं, तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी, एवढा त्याचा ऐवज. पण तेवढ्या ऐवजावरून ज्या खापरांची ओळख पटली तीं पुढें महाराष्ट्रभर शेंकडो ठिकाणीं सांपडत गेलीं. सातवाहनांपूर्वींच्या महाराष्ट्राविषयीं त्यापूर्वीं आमच्याजवळ पुराणांतील वंशावळी आणि अनुमानें यांवांचून फारसें कांहीं नव्हतें.

आतां उलट बाजू पाहूं. अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांत, श्रीरामपूर तालुक्यांत, प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. हें स्थळ १९५८ सालीं बोपर्डीकर यांनीं शोधून काढलें. तेथें १९५८–५९ मध्यें म. न. देशपांडे यांच्या, १९७४–७५ मध्यें एस. आर. राव यांच्या आणि १९७५ ते १९७९ या काळांत साळी यांच्या देखरेखीखालीं भारतीय पुरातत्त्व खात्यानें उत्खनन केलें. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वें अशा पांच संस्कृतींचे थर तेथें ओळखले गेले. परंतु दायमाबादचें नांव जगभर झालें तें या थरांमुळें नव्हे. १९७४ सालीं तेथील एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाच्या मुळाशीं खणतांना चार धातूच्या प्रतिमा मिळाल्या: बैलजोडीचा रथ व त्यावर उभा सारथी, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चारांचें मिळून वजन साठ किलोहून अधिक. भारतीय धातुकलेंत त्यांच्या तोडीच्या प्राचीन वस्तु थोड्याच असतील.

पण त्या कोणत्या काळच्या? येथेंच घोडें अडतें. त्या थरांतून, मोजमाप घेत, पुरातत्त्वज्ञाच्या डोळ्यांदेखत निघाल्या नाहींत. मागाहून त्याच जागीं झालेल्या तपासावरून आणि खोलीच्या मेळावरून कांहीं विद्वानांनीं त्या उत्तर हडप्पा काळांत घातल्या. इतरांनीं धातूंत आढळलेल्या सोमलाच्या प्रमाणावर बोट ठेवून, ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंशीं तें जुळत नाहीं, अशी शंका घेतली. पन्नास वर्षें होऊन गेलीं तरी वाद पूर्णपणें मिटलेला नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ही व्यथा समजावून सांगण्याची गरज नाहीं. पोथी सुंदर, अक्षर देखणें, पण शेवटचें पान गळालें आहे. शक नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, स्थळ नाहीं. वस्तूची पुष्पिका तिच्यावर कोरलेली नसते. ती भोंवतालच्या मातींत असते. वस्तु उचलून घरीं आणली कीं पुष्पिका फाडून टाकल्यासारखें होतें, मग ती शेतकऱ्यानें आणलेली असो कीं संग्राहकानें. आमच्यापैकीं कित्येकांच्या कपाटांत अशीं निनांवी नाणीं व मणी आहेत, म्हणून हें जरा स्पष्ट लिहिलें.

कायद्याची दृष्टि आजवर वस्तूवरच खिळलेली राहिली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत निधि सांपडल्याची वर्दी देणारास सहावा अंश आणि तो भृतक असेल तर बारावा अंश सांगितला आहे. लक्षाच्या वरचा निधि राजगामी. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास कळविण्याचें बंधन घातलें. दोन हजार वर्षांच्या अंतरानें झालेल्या या दोन्ही व्यवस्थांना सोन्याची चिंता आहे, मातीची नाहीं. पुढें १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकें व पुरातत्त्वीय स्थळें यांविषयींचा कायदा आला, महाराष्ट्र राज्याचा तसाच कायदा १९६० चा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनें केंद्रसंरक्षित स्मारकाभोंवतीं शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई व त्यापुढें दोनशें मीटर नियंत्रण आलें. हें सर्व योग्यच आहे. परंतु हें संरक्षण जें घोषित झालें त्याचें. ज्या टेकाडाची कोठेंहि नोंद नाहीं तें या कायद्यांच्या दृष्टीनें नुसती जमीन आहे, आणि रस्त्याची आंखणी करणाऱ्यास तर तें भरावाला सोयीचें मुरुमासारखेंच वाटतें.

इंग्लंडांत १९९० सालीं सरकारनें नियोजनाचें एक मार्गदर्शक पत्रक काढून प्रश्नाची दिशा बदलली. जमिनीच्या पोटांत कांहीं आहे कीं काय हें बांधकामाची परवानगी देण्यापूर्वींच तपासावें, आणि त्याचा खर्च बांधणारानें सोसावा, असा रिवाज तेथें त्यानंतर रूढ झाला. फ्रान्सनें २००१ सालीं स्वतंत्र कायदा केला. याचें फळ काय, याचा एक नमुना देतों. पीटरबरो शहराजवळ विटांच्या मातीसाठीं खणलेल्या एका खाणीच्या कडेला १९९९ सालीं लांकडी खांबांचीं टोकें दिसलीं. २००४ व २००६ सालीं तेथें चाचणी-चर घेतले, आणि २०१५–१६ मध्यें पूर्ण उत्खनन झालें. इसवी सनापूर्वीं सुमारें ८५० च्या सुमारास पाण्यावर खांब रोवून बांधलेलीं गोल घरें, बांधल्यावर वर्षभराच्या आंत आग लागून गाळांत कोसळलेलीं, अशीं निघालीं; कापड, सूत, भांडीं आणि भांड्यांतील अन्नसुद्धां. मस्ट फार्म म्हणून तें स्थळ आज प्रसिद्ध आहे.

आमच्याकडे असें कधीं झालेंच नाहीं असें मात्र नाहीं. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होणार हें निश्चित झाल्यावर नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यांत १९५४ ते १९६० या काळांत आर. सुब्रह्मण्यम् यांच्या नेतृत्वाखालीं पुरातत्त्व खात्यानें खोदकामाची मोठी मोहीम चालविली. इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी, तिचे स्तूप, विहार, घाट व रंगमंडल यांची नोंद झाली, आणि निवडक वास्तु उचलून जलाशयाबाहेर पुनः उभारल्या गेल्या. एवढी यातायात झाली, कारण त्या खोऱ्याची कीर्ति १९२६ पासूनच झालेली होती. कीर्ति नसलेल्या पांढरीचें काय? उजनीच्या जलाशयांत बुडालेलें पळसदेवचें पळसनाथाचें देऊळ पाणी ओसरलें म्हणजे दिसतें व लोक तें पाहावयास गर्दी करतात. देऊळ दगडाचें असल्यानें टिकलें. भीमेच्या कांठच्या मातीच्या घरांस तसें पुनः वर येणें नाहीं.

आमच्या तालुक्यांतील एका गांवीं (त्याचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं) रस्त्याच्या भरावासाठीं पांढर उचलली जात असल्याचें कळल्यावरून आम्ही पाहण्यास गेलों होतों. टेकाडाचा पश्चिमेकडील भाग सरळ कापला गेला होता आणि त्या कापांत राखेचे तीन पट्टे, एक गोट्यांची ओळ व एका रांजणाचें फुटकें तोंड स्वच्छ दिसत होतें. म्हणजे चाचणी-चराचें काम ठेकेदारानें फुकट करून ठेविलें होतें. फक्त तें वाचण्यास कोणी नव्हतें. आम्हीं कापाचें चित्र काढून घेतलें व पट्टीनें थरांची जाडी टिपून ठेविली. ठेकेदाराचा माणूस सभ्य होता. त्यानें आम्हांस चहा दिला आणि काम मात्र चालू ठेविलें. चौथ्या दिवशीं तो काप तेथें नव्हता. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला थांबविण्याचा अधिकार आम्हांस नव्हता आणि थांबण्याचें कारण त्याला कोणीं दिलेलें नव्हतें.

शेतकऱ्याचा विरोध हा या कामांतील खरा अडथळा आहे, आणि तो अनाठायीं नाहीं. सरकारी मनुष्य शेतांत खणूं लागला कीं उद्यां जमीन जाणार, ही त्याची धास्ती अनुभवांतून आलेली आहे. त्यास हें पटवून देणें जरूर आहे कीं बहुतेक चर रितेच निघतात, नोंद घेऊन बुजविले जातात आणि पुढच्या पेऱ्याला जमीन मोकळी होते. दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे: शेंकडा दोन भाग पाहून उरलेल्या अठ्ठ्याण्णव भागांविषयीं काय कळणार? या आक्षेपांत तथ्य आहे. इंग्लंडांतील अनुभव असा कीं लांबलचक चारी व कुंपणें चरांत हमखास लागतात, पण विखुरलेले खड्डे, एकटीं थडगीं आणि लांकडी घरांच्या मेढींच्या जागा दोन चरांच्या मधून निसटून जातात. इनामगांवची एखादी गोल झोंपडी अशीच निसटली असती. म्हणून चर कोठेंहि सरधोपट न आंखतां, विचार करून आंखावे लागतात.

आणि येथेंच कागदवाल्यांचें काम सुरू होतें. आमच्या दप्तरांतून हरवलेल्या वस्त्यांची जेवढी माहिती पडून आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रांतांत असेल. थळझाड्यांत शेतांचीं जुनीं नांवें असतात. 'पांढरीचें', 'गढीखालचें', 'जुन्या गांवचें' असें नांव ज्या थळास आहे तेथें आज ऊंस उभा असला तरी तें नांव फुकट पडलेलें नसतें. शिवेच्या तंट्यांतील महजरांत हद्द सांगतांना ओसाड वस्तीचा, मोडक्या वेशीचा, बुजल्या बारवेचा दाखला येतो. महसुली याद्यांत 'बेचिराख' म्हणून गांवें नोंदलेलीं असतात. हा फारसी शब्द फार बोलका आहे: जेथें दिवा लागत नाहीं तें बेचिराख. १६३०–३२ चा दुष्काळ, १८०३–०४ चा दुष्काळ व होळकरी धामधूम यांत उठलेलीं कित्येक गांवें पुनः वसलीं नाहींत. वसलीं तीं कधीं कधीं जुनी पांढर सोडून कोसभर दूर वसलीं आणि नांव तेवढें बरोबर घेऊन गेलीं. अशा वेळीं आजच्या गांवठाणांत चर घेऊन जुन्या गांवाचा शोध करणें म्हणजे भाडेकरूस घराच्या मूळ मालकाची वंशावळ विचारण्यासारखें आहे.

ताम्रपटांच्या बाबतींत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. दान दिलेल्या गांवाच्या चतुःसीमा ताम्रपटांत दिलेल्या असतात, आणि त्या गांवांचीं आजचीं नांवें जुळविण्यांत आम्हां संस्कृतज्ञांचा पुष्कळ वेळ व शाई खर्च होते. वर्णलोप, वर्णविकार, स्वरभक्ति यांचे नियम लावून हवें तें गांव हव्या त्या गांवाशीं जुळवितां येतें, हें आम्ही त्याच विद्येंत वाढलेले असल्यामुळें धीटपणें सांगतों. आठव्या शतकांत जें दान दिलें असें आपण म्हणतों, त्या गांवच्या पांढरींत चर घेतला असतां सतराव्या शतकाखालीं जर कोरी काळी माती लागली, तर आमची व्युत्पत्ति कितीहि देखणी असली तरी ती मागें घ्यावी लागेल. निदान त्या गांवची पांढर दुसरीकडे कोठें होती तें तरी दाखवावें लागेल. रिता चरसुद्धां असा पुरावा होतो. आजवर आम्हीं हा पुरावा मागितलाच नाहीं, कारण तो आमच्या विरुद्ध जाण्याचा संभव होता.

एक इशारा दिला पाहिजे. हें वाचून कोणीं स्वतः कुदळ घेऊन पांढरीवर जाऊं नये. १९५८ च्या कायद्यानुसार, संरक्षित नसलेल्या जागेंतसुद्धां राज्य सरकारला उत्खनन करावयाचें किंवा दुसऱ्या कोणास करूं द्यावयाचें झाल्यास केंद्राची पूर्वसंमति लागते, आणि १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तूंच्या व्यवहारावर बंधनें आहेत. कायदा नसता तरी आम्ही हेंच म्हटलें असतें. हौसेनें खणलेला खड्डा यंत्राच्या खड्ड्यापेक्षां सभ्य असला तरी तितकाच घातक आहे. आमचें काम नोंदीचें. दप्तरांत बेचिराख गांव, ओसाड पांढर किंवा गढीचें थळ आढळलें कीं कागदाचा शक, मौजा, तर्फ, परगणा, चतुःसीमा व शब्दशः उतारा टिपावा. गांवनकाशावर त्याचा आजचा गट क्रमांक शोधावा. जागेवर जाऊन मातीचा रंग, टेकाडाची लांबी-रुंदी, पृष्ठभागावरील खापरांची जात पाहावी. खापरें उचलूं नयेत, पट्टी शेजारीं ठेवून छायाचित्र घ्यावें. कोठें काप पडलेला असेल तर त्याचें चित्र आधीं काढावें, कारण तोच सर्वांत अल्पायुषी. आणि ती टिपणें राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे लेखी पाठवून पोंच घ्यावी, म्हणजे रस्त्याची आंखणी होतांना 'येथें कांहीं नोंद नव्हती' असें म्हणण्यास जागा उरणार नाहीं.

आमच्या स्वतःच्या संग्रहांतील एका कुलकर्णी दप्तरांतून अशा सात जागांचीं टिपणें आम्हीं केलीं आहेत. त्यांपैकीं तीन ठिकाणीं पांढर अद्याप डोळ्यांना दिसते. एकीवर पोल्ट्रीची शेड झाली आहे. दुसरी शाबूत आहे. तिच्या मालकानें खापरें बांधावर रचून ठेविलीं आहेत व ती माती शेतांत टाकावयाची नाहीं असें तो म्हणतो, कारण तेथें त्याच्या आजोबांना रांजणांत लहान मुलाचीं हाडें मिळालीं होतीं. तिसऱ्या पांढरीवर गेल्या मार्गशीर्षांत आम्ही गेलों, तेव्हां पूर्वेच्या कडेस चुन्यानें आंखलेली एक रेघ व पन्नास-पन्नास मीटरवर लाल टोकाच्या खुंट्या होत्या. गट क्रमांक, चतुःसीमा आणि शके १७२० च्या शिवेच्या महजराची नक्कल जोडून आम्हीं अर्ज दिला आहे. पोंच आली आहे.